पऱ्हे टाकून नेपाळला

काकाजी जेवता जेवता म्हणाले, "यंदा नेपाळले जाऊन येऊ," आणि वाढता वाढता माझा हात थांबला. एक क्षण मला वाटलं, ते माझ्याशी बोलताहेत. पण ते काकीजींकडे बघत होते. मी वरणाची पळी पुन्हा पातेल्यात घातली.

काकाजी म्हणजे ज्यांच्या घरी मी राहत होतो ते. नवेगाव बांधाजवळ त्यांची धानाची शेती, दोन म्हशी, कौलारू घर. मी मूळचा नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला. पाचवीतून शाळा सोडली आणि गावातल्या एका माणसाबरोबर नागपूरला कपबशा धुवायला आलो. तिथून गोंदिया, गोंदियाहून नवेगावच्या रस्त्यावरची एक चहाची टपरी. तिथं मला हिवताप झाला, तेव्हा टपरीवाल्यानं मला बाहेरच्या बाकावर आणून टाकलं. काकाजी बाजारात धान घालून परत चालले होते. त्यांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं. काकीजींनी पेज पाजून उभं केलं. बरा झालो तरी कोणी जा म्हणालं नाही, आणि मीही विषय काढला नाही. त्यांच्या मुलीच्या पुस्तकांतून मराठी वाचायला शिकलो, अक्षरं आमचीच होती. त्या घरचे उपकार मी आजही मोजू शकत नाही. म्हणून पुढचं लिहिताना जरा अवघड जातंय.

नेपाळची आखणी करायला गोंदियाहून काकीजींचे भाऊ आले. त्यांना सगळे मामाजी म्हणत, मीही म्हणायचो. ते एकदा पोखऱ्याला जाऊन आले होते, आणि तेवढ्यावर नेपाळ त्यांचं झालं होतं. अंगणात खाटेवर त्यांनी नकाशा पसरला.

"पाँच दिन बहुत हो गये," मामाजी म्हणाले. "एक दिन पशुपतिनाथ, एक दिन भक्तपूर, पुराने राजाओं के महल. फिर अपना पोखरा. बर्फ के पहाड देखने हैं तो अंधेरे में उठना पडेगा, जीजी."

"अंधारात तं आमची म्हैसबी उठते," काकीजी म्हणाल्या. "तुलेच उठवा लागंल."

काकाजींनी मला हाक मारली. "तू सांग ना बे. काय काय पाहाचं तिकडं?"

"मी नाही पाहिलं, काकाजी."

"काय नाही पाहिलं?"

"काठमांडू."

मामाजी मोठ्यानं हसले. "लो. नेपाल का आदमी, और काठमांडू नहीं देखा."

"तं काय झालं?" काकाजी म्हणाले. "आपण सारे पोवार मूळचे मालव्यातल्या धारचे म्हणतो. तू पाहिली काय धार? मी तं नाई पाहिली."

मामाजी पुन्हा नकाशाकडे वळले. पण मला बरं वाटलं नाही. चहाचे ग्लास उचलताना माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, 'अपना पोखरा'. मी आमच्या डोंगरातून उतरलो तो सरळ खाली हिंदुस्थानात. माझ्या देशाचे राजवाडे, देवळं मी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिली होती, ती आता मामाजी पाहणार होते, दुसऱ्यांदा. काकीजींनी गोंदियाहून लोकरीचे मोजे आणले आणि मला दाखवून विचारलं, "पुरतील ना रे तुमच्या थंडीले?" पुरतील म्हणालो. त्या मोज्यांचासुद्धा मला राग आला.

मला नेण्याचा विषय एकदाच निघाला. काकाजी म्हणाले, "पऱ्हे टाकल्यावर याच्याबिगर कोणाच्या भरवशावर सोडू?" उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे पुढे शेतात रोवायची कोवळी रोपं, थंडीत फार जपावे लागतात. संध्याकाळी वाफ्यात पाणी भरायचं, सकाळी ते गार झालेलं पाणी काढून टाकायचं, शिवाय रानडुकरांवर लक्ष ठेवायचं. त्यांनी हे अभिमानानं सांगितलं. भरवसा म्हणजे केवढी मोठी गोष्ट, मला कळत होतं. पण त्या भरवशानंच मला बांधावर उभं केलं होतं.

मग काकीजींनी गाठोडं बांधायला घेतलं. नवा चिन्नोर तांदूळ, पोह्याचा चिवडा, एक लुगडं, खण.

"हे कोणाले?" मी विचारलं.

"तुझ्या मायले. तुझ्या देशात जाऊन तिच्या घरचं पाणी न पिता वापस येऊ काय? लोक काय म्हणतील?"

त्यांच्याकडे रीतच तशी. कोणाच्याही गावाला गेलं की त्याच्या घरी टेकायचं, आणि रिकाम्या हातानं नाही.

"घर कसं सापडेल, काकीजी?"

"विचारून घेऊ कोणालेबी. बोदलकश्याले पाहुणे गेलो तवा घर नाई विचारलं? तुझ्या मायले काय आवडते, ते सांग."

मला आठवेना. काकीजींनी वर पाहिलं, आणि पुन्हा गाठ मारायला लागल्या.

त्या संध्याकाळी वाफ्यात पाणी सोडताना मला सगळं समोर दिसत होतं. आमच्या दगडी ओट्यावर काकीजी बसल्या आहेत. आई त्यांच्या तोंडावरून हात फिरवतेय, माझा मुलगा कसा दिसतो म्हणून विचारतेय. मधली काही वर्षं तिकडे माओवाद्यांचा गोंधळ होता, तरणी पोरं उचलून नेत, म्हणून आईनंच निरोप धाडला होता, येऊ नको. तो गोंधळ निवला तरी मी गेलो नव्हतो. माझ्याआधी काकीजी माझ्या आईला भेटणार. ज्या बाईनं मला पेज पाजली तिचाच मी हेवा करत होतो, आणि त्यांना तिकिटं मिळू नयेत असं मनात म्हणत होतो.

खरं म्हणजे आमचं गाव काठमांडूहून किती लांब आहे, ते मला तेव्हाच सांगता आलं असतं. सांगितलं नाही. मामाजी तिकिटं घेऊन आले आणि नकाशा पुन्हा उघडला, तेव्हा काकीजी म्हणाल्या, "याचं गाव कोठं हाय, ते पाहा पहिले."

मी बोट ठेवलं. नकाशाच्या पार डाव्या काठाला. मामाजींनी काठमांडूवर बोट ठेवलं. काकीजींना वाचता येत नव्हतं, पण दोन बोटांमधलं अंतर त्यांना दिसलं.

"हे किती?"

"दोन दिवस बस," मी म्हणालो. "मग पायी."

"मंग आमी कायले चाललो?"

"देखने, जीजी," मामाजी म्हणाले. "घूमने."

काकीजी खाटेवर बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अन् तू? तू कधी जाशील?"

मी त्या घरात कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं तर जागा जाईल, आपल्या पाठीमागे दुसरा कोणी येऊन बसेल, ही धास्ती होती. पण त्या दिवशी मामाजींचं बोट अजून काठमांडूवर होतं. माझ्या तोंडून निघालं, "मला जायचंय, काकाजी. तुम्ही आलात की."

काकाजी माझ्याकडे वळले.

"मंग इतके साल बोलला काऊन नाई? कोणी बांधून ठेवलं होतं काय तुले?"

ते दुखावले होते.

"रोवणी झाली का जा," ते म्हणाले. "रोवणीच्या पहिले नाई."

ते जाऊन आले. पऱ्हे चांगले आले होते. मामाजी मोबाइल घेऊन थेट बांधावर आले. "देख, तेरा देश."

"नको, मामाजी."

"अरे, फोटो ही तो है."

"मी येतो जाऊन. मग पाहीन." ते मोबाइल तसाच धरून उभे राहिले. मी चिखलात उतरलो.

रोवणी संपल्यावर काकाजी मला गोंदिया स्टेशनवर सोडायला निघाले. काकीजी सकाळपासून माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या. आईसाठीचं गाठोडं त्यांनी काकाजींच्या हाती दिलं. मी पाया पडलो तर पाय मागे घेतले.

"मायनं ठेवून घेतलं तं?" त्या म्हणाल्या. "तिकडंच राहाचं असंल तं तसं सांगून जा. आमी दुसरा माणूस पाहू."

ही धमकी नव्हती. महिनाभर मला जो हेवा जाळत होता, तोच त्यांच्या आवाजात होता. माझ्या आईशी त्यांचं काही वैर नव्हतं, फक्त ती माझी आई होती.

"येतो, काकीजी," मी म्हणालो.

"येजो," त्या म्हणाल्या, आणि म्हशीला पेंड घालायला निघून गेल्या.