वर्षाची पट्टी

हे मी कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, आईले तर नाहीच. आता तुले सांगतो — कावून, ते मलेच धड माहीत नाही.

भिलाईत मेकॅनिकलमध्ये रिसर्च करत होतो तेव्हाची गोष्ट. लॅबमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी स्टील प्लांटमधल्या इलेक्ट्रिशियनचा पोरगा, अन् वर्षा शेजारच्या पद्मनाभपुरातल्या रेल्वेवाल्यांची. सरांसमोर हिंदी, चहाले गेलो की घरची भाषा. तिचं काम अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर. असा मिश्रधातू बनवायचा की मशीनची गरमी झटकन ओढून बाहेर टाकावी. मीही तेच करत होतो, वेगळ्या मिश्रणानं. दोघांत चढाओढ होती का? होती. तिच्याकडून नव्हती.

मे महिन्यात भट्टीचा केबल जळला. आतलं तापमान मोजणारी तार भट्टीत असते, अन् हा केबल तिथून आकडा दाखवणाऱ्या डब्यापर्यंत जाते. नवा केबल मी लावला. बाबांनी लहानपणी शिकवलेलं — लाल म्हंजे प्लस. दोन्ही टोकांले तसंच जोडलं. त्या केबलमध्ये लाल म्हंजे मायनस असते. सोबत कागद होता, तो मी वाचला नाही. एकाच टोकाले उलटा लागला असता तर आकडा खाली उतरला असता, कोणीही ओळखलं असतं. दोन्हीकडे उलटा, म्हणून आकडा चढत गेला — पण खरं तापमान त्याच्या बरंच वर.

त्याच भट्टीत वर्षानं तिच्या पट्ट्या ठेवल्या. सारी खेप. सकाळी दार उघडलं तर पट्ट्या मऊ होऊन बसल्या होत्या, कडा वितळून एकमेकींले चिकटल्या होत्या. डब्यावरचा आकडा तर बरोबर! मग चूक कोणाची? सर म्हणाले मिश्रणच कच्चं, एवढ्याही गरमीत टिकत नाही. ती चिमट्यानं एकेक पट्टी सोडवत बसली.

इथपर्यंत चूकच होती ना? चूक कोणाचीही होते.

पण दोन-चार दिवसांनी माझी खेप लावायची होती. मले कसंसंच वाटून राहिलं होतं. तो कागद काढला. वाचला. लाल म्हंजे मायनस. लॅबमध्ये कोणी नव्हतं — मी दोन्ही टोकं सुलटी केली अन् स्क्रू कसून टाकले.

तेवढ्यात वर्षा आली. दारातच थांबली. चेहरा उतरलेला, बहुतेक झोपली नव्हती. म्हणाली, "तू लावला नं रे केबल? बरोबर आहे नं? एकदा पाहून सांग नं मले."

स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता. मी म्हणालो, "हाँ, चेक कर लिया. सब ठीक है."

हिंदीत. दोघंच असलो की तिच्याशी मी कधी हिंदीत बोललो नव्हतो. तिनं मान हलवली अन् गेली. सरांचा धाक होता, हो. पण खरं सांगू? आत कुठंतरी मले बरंही वाटलं होतं. आता माझंच काम पुढं जाणार होतं.

अन् मी तिथंही थांबलो नाही. त्याच मिश्रणाची, आधीच्या खेपेतली तिची एक पट्टी कपाटात राहिली होती. ती मी माझ्या खेपेसोबत भट्टीत घातली, सुलट्या केबलवर. चांगली निघाली. तपासली तर गरमी माझ्या पट्टीपेक्षा छान ओढत होती. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी ती रुमालात गुंडाळून घरी आणली. वर्षानं त्या पावसाळ्यात रिसर्च सोडला. मी डॉक्टर झालो.

आता ती वैशाली नगरात शाळेत शिकवते. मागे कुम्हारीले एका लग्नात भेटली. पंगतीत शेजारीच बसली, हसतमुख. बोलता बोलता म्हणाली, "माझं मिश्रणच कच्चं होतं, नाही का रे?"

"जाने दे ना, पुरानी बात है."

ती हसली. "घरच्या माणसाशी हिंदीत कावून बोलून राहिला?"

मी पाणी आणतो म्हणून उठलो, तो परत त्या पंगतीकडं गेलोच नाही.

पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. हातात धरली की आधी गार लागते, अन् बघता बघता सारी हाताएवढी गरम होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिले हेच बनवायचं होतं. तिनं बनवलं होतं.