मी लावलेली शेवटची कुस्ती

आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली. मेंढीच्या पाठीवर हात टेकला की ती किती भरेल हे वडील सांगायचे, आणि वजनात फरक आला तर काटा बिघडलाय म्हणायचे. तो हात माझ्याकडं आला, पण मी मेंढरांमागं गेलो नाही. पिरंगुटच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळत तीस वर्षं काढली. वडिलांचा हात मी वापरला वर्षातून एकच दिवस, गावच्या जत्रेत, पैलवानांच्या जोड्या ठरवायला.

जत्रेच्या सकाळी देवळामागं पैलवान जमायचे. भऱ्याचे, पौडाकडचे, पार मावळातले. मी एकेकाच्या मानेवर हात ठेवायचो, मनगट दाबून बघायचो आणि कान बघायचो. मातीत वर्षं घालवलेल्या गड्याचा कान मोडून गोळा झालेला असतो, तो खोटं बोलत नाही. एखादा बेरकी म्हणायचा, "मामा, औंदाच सुरू केलंय, हलकी द्या." मी त्याचा कान धरून म्हणायचो, "तू औंदा सुरू केलंस, पण कान लई आधी आलाय तालमीत." सगळे हसायचे, तोही हसायचा आणि गुमान जडातल्या रांगेत जाऊन उभा राहायचा.

आमच्या गावाचा एक नियम होता. जो जोड ठरवील त्यानंच आखाड्यात उतरायचं आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. याला कुस्ती लावणं म्हणतात. बाकी गावांत हा मान पाहुण्यांना देतात, आमच्याकडं तो मान नव्हता, जबाबदारी होती. मी हात दिला म्हणजे ही जोड बरोबरीची आहे, जो पडेल तो आपल्या कमीनं पडेल, असा माझा शब्द झाला. एका वर्षी मी एक जोड चुकलो, तर पुढची चार वर्षं चहाच्या टपरीवर ती कुस्ती माझ्या नावानं सांगत होते.

मग भूगावकडून प्लॉटिंग सरकत सरकत आमच्यापर्यंत आलं आणि त्याच्याबरोबर बिल्डर शेठ आला. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. पहिल्या वर्षी त्यानं मांडव दिला. दुसऱ्या वर्षी देवळाला फरशी घातली आणि आखाड्याभोवती बॅरिकेड लावले. बांधावर बसून कुस्ती बघणारं गाव बॅरिकेडच्या मागं गेलं, पुढं सोफे आले. कोपऱ्यात भला मोठा स्क्रीन आला. हलगीवाले फक्त पाहुणे आत येताना वाजवायचे, एरवी डीजे. निवेदक पूर्वी पैलवानाचा डाव सांगायचा, आता डावाच्या मधेच फ्लॅटची जाहिरात वाचायचा. गड्यानं पट काढलाय, खालचा मानेवर सरकलाय, आणि हा बाबा म्हणतोय, दोन बेडरूम, डोंगराचा व्ह्यू. लाल माती तेवढी ठेवली, कारण कॅमेऱ्यात ती खुलून दिसते म्हणे.

मोठ्या जोड्या महिनाभर आधी फ्लेक्सवर छापून यायला लागल्या. कुस्ती लावायला बंगलेवाले, निवडणुकीला उभं राहणारे, कुणाचे तरी मेहुणे. ते पैलवानांची मनगटं धरायचे आणि कॅमेऱ्याकडं बघायचे. फ्लेक्सच्या तळच्या ओळीत माझा फोटो, खाली 'मार्गदर्शक'. कसलं मार्गदर्शन अन्‌ काय, मला सोफ्यावर बसवून ठेवायचे. मी बसायचो. सोफा मऊ होता, हेही सांगून टाकतो. तक्रार तरी कुणाकडं करणार? कमिटीत माझेच चुलते, माझेच पुतणे. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि देवळाच्या फरशीवर रोज सकाळी मीच पायाला चिखल लागू न देता चालत होतो.

तशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षीची गोष्ट सांगतो, गेल्या जत्रेची.

माझ्या आक्काचा मुलगा, माझा भाचा, तेविसाचा. दाजी मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर, त्यामुळं पोरगं माझ्याच नजरेखाली वाढलं. पोलीस भरतीच्या मागं लागला होता. आदल्या वर्षी थोडक्यात हुकली होती. या वर्षी पळणं, गोळा, सगळं जमून आलं होतं आणि मैदानी चाचणी दोन महिन्यांवर होती. घरची गरज बघता हीच खरी संधी. आक्का त्याला आखाड्यात पाय ठेवू देत नव्हती. पण गावची जत्रा, आणि गावचा पैलवान खेळणार नाही म्हणजे काय. शेवटी आक्का म्हणाली, "एक हलकी खेळ. आणि मामा जोड बघंल तीच."

ती हलकी मी बघून दिली. चारच्या सुमाराला त्यानं ती मारलीही, झटक्यात. अंगावरची माती पुसून तो कपडे घालायला निघाला होता.

तेवढ्यात आखाड्याच्या तोंडाशी धावपळ सुरू झाली. शेवटच्या मोठ्या कुस्तीतला एक पैलवान आलाच नव्हता. त्याला दुसरीकडं मोठं मैदान मिळालं असणार. दुसरा आला होता, लंगोट कसून उभा होता. काळ्या टी-शर्टातला, कानात वायर घातलेला एक पोरगा शेठला सांगत होता, "सर, लाइव्ह चालू आहे, गॅप पडला तर लोग निकल जायेंगे." शेठनं आजूबाजूला बघितलं आणि त्याची नजर माझ्या भाच्यावर थांबली.

"ह्याला लावू," शेठ म्हणाला. "लोकल पोरगा हाय. पब्लिक खूश हुईल."

पाहुणा पैलवान माझ्या पाया पडायला वाकला, तसा माझा हात आपसूक त्याच्या मानेवर गेला. भाच्यापेक्षा वीस किलो तरी जास्त. दोन्ही कान मोडून बसलेले. मान अशी की हात पुरेना. मी म्हणालो, "शेठ, ही जोड न्हाई."

"मामा, जोड कशाला पायजे? पाच मिन्टं खेळवायचं आन्‌ बरोबरीत सोडायचं. दोघांना बी सांगतो आमी." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आन्‌ ही तुमी लावा. तुमच्या हातानं शोभंल."

ठरवून खेळायची, ठरवून सोडायची, याला आमच्यात नूरा कुस्ती म्हणतात. हा शब्द तालमीत कुणी तोंडातून काढत नाही. एखाद्याला चोर म्हटलेलं परवडतं. मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण निवेदकानं माझं नाव पुकारलं होतं, गावचे ज्येष्ठ, गावचे अमुक, गावचे तमुक. कुणीतरी डोक्यावर फेटा चढवला. समोरच्या स्क्रीनवर माझंच थोबाड, दारापेक्षा मोठं. आणि डीजे बंद करून हलगी सुरू झाली. चार वर्षांत पहिल्यांदा हलगी माझ्यासाठी वाजत होती. लाज वाटते लिहायला, पण मला बरं वाटलं.

आखाड्यात उतरलो. भाचा माझ्याकडं बघत उभा होता, छाती अजून वरखाली होत होती. त्याच्या कानात एवढंच सांगायचं होतं की बाबा, ही बरोबरीत सुटणार आहे, अंगावर घेऊ नको. पण स्वतःच्या भाच्याला नूरा खेळ म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? शेठ सांगतो म्हणालाय तर सांगितलंच असेल, अशी मनाची समजूत घातली. दोघांचे हात घेतले, एकमेकांत दिले आणि बाजूला झालो.

कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पाहुणा पैलवान आपल्या पोटासाठी आला होता, तो खरी कुस्ती खेळला. भाच्यानंही मामानं लावलीय म्हणून खरी खेळली. दुसऱ्या मिनिटाला पाहुण्यानं पट काढला, वाकून पायाला मिठी घातली, भाच्यानं दुसरा पाय रोवून धरला, आणि वरचं सगळं वजन त्या रोवलेल्या पायावर आलं. गुडघ्याचा आवाज मला दहा फुटांवर ऐकू आला. पाहुणा बिचारा लगेच उठून बाजूला झाला, हात जोडायला लागला. भाच्याला आम्ही चौघांनी उचलून बाहेर नेलं, तोवर स्क्रीनवर तेच पडणं संथ करून पुन्हा पुन्हा दाखवत होते.

ऑपरेशन झालं. मैदानीच्या दिवशी त्याचा पाय पट्ट्यात होता. शेठचा माणूस फुलं घेऊन आला, फोटो काढून गेला. आता भाचा मारुंजीत एका सोसायटीच्या गेटवर बसतो, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. चालतो बरा, पळणं मात्र गेलं ते गेलं.

आक्कानं मला एकदाच विचारलं. दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी, भाचा आत झोपला होता, ती ओट्यावर लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला दिसलं न्हाई का रं, तो केवढा हाय ते?"

मी म्हणालो, "न्हाई गं आक्का. नीट दिसलंच न्हाई."

तिनं सुस्कारा सोडला. रागावली असती तर सोपं गेलं असतं. उलट म्हणाली, "वय झालं रं तुजं. डोळं तपासून घे एकदा." पुढं आठवडाभरात ते गावभर झालं. मामाची नजर गेली, म्हणून जोड चुकली. टपरीवर माणसं मला हाताला धरून पायरी उतरवायला लागली. मी उतरायचो. आक्का भाकरी वाढताना म्हणायची, बघ, ताटात हितं मीठ हाय. मी मान हलवायचो.

आणि तिनं पिच्छा सोडला नाही. तीन-चार महिन्यांनी भाच्याच्या सुट्टीच्या दिवशी मला त्याच्या स्कूटीवर बसवलं आणि भूगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं धाडलं. नको नको म्हणालो, पण कारण काय सांगणार? डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी अक्षरं वाचायला लावली, थेंब घातले, उजेड मारला. भाचा दुखरा पाय लांब करून शेजारच्या स्टुलावर बसला होता. बाई त्यालाच सांगायला लागल्या, "यांची नजर उत्तम आहे. मोतीबिंदू नाही, काही नाही. लांबचं तर तुमच्या-माझ्यापेक्षा स्पष्ट दिसतंय त्यांना."

भाचा "बरं मॅडम" म्हणाला आणि फाइल उचलून उठला.

परतताना पिरंगुटचा चढ लागला. थेंबांमुळं मला समोरचं सगळं पांढुरकं दिसत होतं, फक्त त्याची पाठ दिसत होती. चढ संपल्यावर त्यानं स्कूटी कडेला घेतली, मागं न बघता विचारलं, "मामा, तवा दिसलं व्हतं ना तुमाला?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं टेकवलेला दुखरा पाय वर घेतला. मग म्हणाला, "आईला डाक्टरनं मोतीबिंदू सांगितलाय म्हणून सांगा. न्हाईतर ती तुमच्या दारात पाय ठेवायची न्हाई." आणि त्यानं स्कूटी चालू केली.