ब्रेक ऑइलमधली पांढरी गाडी

लीलाधरशी माझी पहिली बाचाबाची झाली ती राखेवरून. आमगावात मी ज्या राइस मिलमध्ये मिस्त्री आहे, तिच्या धुराड्याची राख वारा फिरला की सरळ त्याच्या अंगणात उतरते. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, पापडांवर बसते, आणि सगळा मोहल्ला ती मुकाट झटकून टाकतो. लीलाधर झटकत नाही. तो मिलच्या फाटकाशी येऊन ओरडतो, "सेवकराम, थांबव ना तुयी मिल! गाडी रंगवून राहिलो मी!"

एका गाडीसाठी मिल थांबवायची! आणि गाडी तरी केवढी? वीतभरही नाही. प्लास्टिकची.

पन्नाशीला टेकलेला हा माणूस. गावाबाहेर धानाची शेती, स्टेशन रोडवर ट्रॅक्टर-मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान, घरी म्हातारी आई सावित्रीबाई, बायको रुख्मा, गोंदियाला कॉलेजात जाणारी मुलगी गुंजन. सगळं व्यवस्थित. पण मोबाइलवर कधीतरी त्याने परदेशातला कोणी माणूस असल्या छोट्या गाड्या जोडताना पाहिला आणि याच्या डोक्यात ते भूत शिरलं. नागपुरातून त्याने कुणीतरी टाकून दिलेली एक जुनी गाडी आणली. गोल पाठीची, बेडकासारख्या डोळ्यांची. त्यातला एक डोळा गायब. ज्याने ती जोडली होती त्याने गोंद असा फासला होता की दारं कुठे संपतात तेच कळत नव्हतं, वरून लाल रंगाचा जाड थर.

लीलाधरने ती दुकानातल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली. ब्रेक ऑइलने रंग सुटतो आणि प्लास्टिक शाबूत राहतं, हे त्याचं ज्ञान. मग दात घासायच्या ब्रशने खरवडून, ब्लेडने सांधे सोडवून त्याने तिचे सगळे तुकडे वेगळे केले. गेलेला डोळा त्याने गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा पारदर्शक फुगवटा कापून बसवला. क्लच वायरची एक तार सोडवून एरियल केलं. हे मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? मी त्याच्या मागे उभा राहून बघत बसायचो.

पण रंग! रंगाने त्याचा आणि आम्हा सगळ्यांचा जीव काढला. त्याला पांढरा हवा होता, काचेसारखा. श्रावणात मारला तर दमट हवेने वर दुधासारखी साय धरली. गाडी ब्रेक ऑइलमध्ये. पुन्हा मारला तर माझ्या मिलच्या राखेचे तीन काळे कण टपावर. गाडी ब्रेक ऑइलमध्ये. एकदा सगळं नीट जमलं आणि घाईत याचाच अंगठा दारावर उमटला.

"अरे, एवढासा डाग कोनाले दिसते?" मी म्हणायचो.

"मले दिसते," तो म्हणायचा. संपलं.

या सगळ्या आटापिट्यामागे त्याची एकच खंत होती, आणि ती त्याने मला हजार वेळा ऐकवली. घरात तिला कोणी गाडी म्हणत नाही. रुख्मा म्हणते खेळणं. गुंजन मैत्रिणींना सांगते, बाबांचा टाइमपास. सावित्रीबाई तर म्हणायची, "बाबू, तुयं खेळनं उचल, मले तांदूळ निवडाचे हायेत." खेळणं म्हटलं की हा पेटायचा. "खेळनं फेकून देतेत माय! याच्यात इंजिन हाय, सीटा हायेत, स्टेअरिंग फिरते. गाडी म्हनाले काय जाते तुमचं?" कोणाचं काही जात नव्हतं, पण कोणी म्हणत नव्हतं.

म्हणून नागपूरचं प्रदर्शन. दिवाळीनंतर तिथली हौशी मंडळी अशा गाड्या मांडतात. याने नाव दिलं. "एकडाव तिथं मांडली की मंग पाहतो कोन खेळनं म्हनते," तो मला म्हणाला. मी म्हटलं, मांड बाबा, पण त्या पांढऱ्या रंगातून आम्हाला सोडव.

आता रंगासाठी त्याने मुहूर्त काढला तो दसऱ्याचा. त्याचं डोकं चालतं, हे मी मान्य करतो. दसऱ्याला मिलची यंत्रं पूजेला बसतात. आदल्या दुपारपासून मशीन बंद, बॉयलर थंड, धुराडं गप्प. वर्षात आमगावच्या त्या कोपऱ्यात राख पडत नाही ती एवढ्याच वेळात. पाऊसही सरलेला. याने आदल्या संध्याकाळी पहिला हात मारला, दसऱ्याला पहाटे दुसरा, आणि गाडी ऊन लागावं म्हणून अंगणात ट्रॅक्टरच्या बाजूला स्टुलावर ठेवली. वरून दुधाच्या पातेल्यावर झाकायची जाळी. मग खुशीत अंघोळीला गेला.

मी मिलची पूजा आटोपून प्रसाद द्यायला त्याच्याकडे गेलो तेव्हा सावित्रीबाई ताट घेऊन अंगणात उतरली होती. धुतलेला ट्रॅक्टर, मोटरसायकल, गुंजनची स्कूटी, सगळं एका ओळीत उभं. म्हातारीने प्रत्येक गाडीला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडू वाहिला, चाकांखाली लिंबू ठेवलं. मी रुख्माशी बोलत होतो, माझं लक्ष नव्हतं. बघतो तर म्हातारीने जाळी उचलून बाजूला ठेवलेली.

तिने त्या वीतभर गाडीच्या बॉनेटवर करंगळीने टिकली लावली होती. मोठं बोट मावलं नसतं म्हणून करंगळी. टपावर अक्षतांचे चार दाणे, झेंडूची एकच पाकळी. आणि चाकांखाली लिंबू बसेना, म्हणून तिने लिंबू चिरून त्याच्या बिया काढल्या होत्या आणि चारही चाकांखाली एकेक बी ठेवली होती. हात जोडून ती काहीतरी पुटपुटत होती.

तेवढ्यात लीलाधर टॉवेलवर बाहेर आला.

"माय! अक्कल हाय का तुले? वल्ला रंग हाय तो! सत्यानाश केला तू!"

म्हातारी दचकली. "गाडीच त हाय ना, बाबू," ती म्हणाली. "टॅक्टरले लावलं. हिले उपाशी ठेवू का?"

"दिसत नाही का तुले? कायले हात लावला? कोनी सांगितलं होतं?"

शेजारीपाजारी बघायला लागले. सावित्रीबाईने कुंकवाचं बोट पदराला पुसलं, ताट उचललं आणि आत गेली. आरती राहिलीच.

मला असा संताप आला की प्रसादाची पुडी मी त्याच्या स्टुलावर आपटली. "गाढवा," मी म्हटलं, "कान फुटले का तुये? तिनं काय म्हटलं, आयकलं का?" तो चिमट्याने अक्षता उपटत होता. प्रत्येक दाण्याखाली रंगात खड्डा. त्याने ऐकलं नव्हतं. त्याला फक्त डाग दिसत होता.

कुंकू पांढऱ्यात मुरलं. घासून गेलं नाही, गुलाबी पसरलं. गाडी पुन्हा ब्रेक ऑइलमध्ये. पण इतक्या वेळा भिजून प्लास्टिक कडक पडलं होतं, खरवडताना टपाचा एक खांब वाळक्या काडीसारखा तुटला. तोही त्याने जोडला. दुकान सोडून, धान कापणी रुख्मावर टाकून जोडला. दिवाळी त्याने घरातल्या गाडी रंगवायच्या खोलीतच काढली. पांढरा रंग शेवटी एकदाचा बसला, काचेसारखा.

तो नागपूरला गेला, मांडीवर डबा घेऊन. गाडी टेबलावर लागली, खाली त्याचं नाव आणि आमगाव लिहिलेलं. लोकांनी पाहिली, एका तज्ज्ञाने रंगाची तारीफ केली. परत आला तेव्हा मी विचारलं, कसं झालं? "चांगलं झालं," म्हणाला आणि दुकानाचं शटर उघडायला लागला. घरी रुख्माने विचारलं, गुंजनने फोटो पाहिले, तीही त्या दिवसापासून गाडी म्हणायला लागली. सावित्रीबाईने काही विचारलं नाही. त्या खोलीत ती आता झाडायलाही जात नव्हती.

यंदाच्या दसऱ्याला मी पुन्हा प्रसाद घेऊन गेलो. अंगणात ट्रॅक्टर, मोटरसायकल, स्कूटी, आणि ओळीच्या शेवटी स्टुलावर ती पांढरी गाडी. लीलाधरने स्वतः आणून ठेवली होती, जाळीशिवाय. स्वतः बाजूला उभा, अंघोळ करून, कोरे कपडे घालून.

म्हातारी ताट घेऊन एकेक गाडी करत आली. स्टुलापाशी थांबली. गाडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"लाव ना, माय," तो म्हणाला. "रंग सुकला हाय."

"नोको बाबू," ती म्हणाली. "खराब होईल. मंग तू चिल्लावतेस."

"नाही चिल्लावत. लाव ना."

तिने मान हलवली, ताटावर पदर धरला आणि घरात गेली. लीलाधर तिथेच उभा राहिला. मी त्याच्या हातात प्रसाद ठेवला. त्याने मूठ मिटली नाही.