वाणाच्या कढया

आमच्या झाशीत मराठी घरं मोजकी, पण संक्रांतीचं हळदीकुंकू चुकत नाही. त्या वर्षी थोरल्या जाऊबाईंनी वाणाला ॲल्युमिनियमच्या लहान कढया द्यायचं ठरवलं. चिरगाँवच्या रस्त्यावर एक ओतारी होता, त्याच्याकडून नमुन्याची एक कढई त्या घेऊनही आल्या. मी तिच्यात चिंचेचं सार केलं, तर ते राखेसारखं काळपट झालं.

"वहिनी, हा धातू कसला आहे?"

"अगं, नवी कढई काळं सोडतेच. तुला सगळ्यातच खोट दिसते."

ॲल्युमिनियम आंबटाने काळवंडतं हे मलाही ठाऊक होतं. तरी मन मानेना. ऑर्डर पक्की करायला त्या निघाल्या, तशी मीही सोबत बसमध्ये चढले.

पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी पेटली होती. निखाऱ्यांत काळी, जाड मूस रुतवलेली. धातू वितळवायचं भांडं ते. आत दुधासारखा पांढरा रस चमकत होता. ओतारी चिमट्याने मूस उचलून रेतीच्या साच्यांत ओतायचा, की थोड्या वेळाने कढई तयार. बघताना जाऊबाई खूश झाल्या. माझं लक्ष मात्र बाजूच्या ढिगाकडे होतं. स्कूटरचे पिस्टन, पंख्याची पाती, रंग न खरवडलेले पत्रे आणि गाडीच्या रेडिएटरचे तुकडे. त्यांच्या सांध्यांना करड्या धातूचे, बहुधा विषारी शिशाचे, डाग दिलेले.

"भैया, यह भी इसी में जाता है?"

"नहीं भाभी जी, वह माल अलग है."

"पर मूस तो एक ही है."

तो हसला. "आग में सब साफ हो जाता है."

तेवढ्यात त्याच्या बायकोने आम्हाला चहाला आत बोलावलं. शेडला लागूनच स्वयंपाकघर होतं. चुलीवर डाळ शिजत होती, स्टीलच्या पातेल्यात. फळीवरही सगळी स्टीलचीच भांडी.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अपनी वाली कढ़ाई नहीं रखी?"

ती दारातून शेडमधल्या नवऱ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "हमारे यहाँ उसमें नहीं बनाते."

"क्यों?"

उत्तर बाहेरून आलं. "इसको स्टील की आदत है, भाभी जी."

जाऊबाईंनी चहाचा कप अर्धवट ठेवला. ऑर्डर न देताच त्या "फिर बताते हैं" म्हणून उठल्या. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिल्या. झाशी जवळ आल्यावर म्हणाल्या, "वाणाला स्टीलचे डबे घेऊ या."

हळदीकुंकवाला कुणीतरी कढयांचं विचारलंच. जाऊबाई चटकन म्हणाल्या, "त्याने वेळेवर दिल्याच नाहीत."

मी तिळगूळ वाटत राहिले. माझ्याकडे तरी पुरावा काय होता? एका बाईने नवऱ्याकडे पाहिलं, एवढाच. पण जाऊबाई खोटं का बोलल्या, हे मला उमगेना. त्या ओताऱ्यावर उगाच ठपका येऊ नये म्हणून, की माझी शंका खरी असेल हे चारचौघींत मान्य करायला नको म्हणून? त्यांना मी ते कधी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.