बोरीचा घाणा आणि पाकिटातलं तेल

परभणीहून बोरीला जाणारी एसटी इतकी हळू होती, की मी चढलो तेव्हा रानातल्या तुरीला फुलं होती आणि उतरलो तेव्हा शेंगा भरल्या होत्या. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा. पण तो आता निवृत्त झाला असेल.

मी आलो होतो शांताबाईंच्या घाण्याचं कर्डीचं (करडईचं) तेल चाखायला. घाणा बंद होता.

"उद्या भंगारवाला न्यायलाय त्याला," शांताबाई म्हणाल्या. "आता कोण घ्यायलंय माझं तेल? सगळ्याला पाकिटातलं पाहिजे."

पाकिटातलं म्हणजे पामतेल. पूर्वेकडच्या देशांशी खुल्या व्यापाराचा करार झाला, आयातकर उतरला आणि मलेशियाच्या झाडाचं तेल बोरीच्या किराणा दुकानात घरच्या कर्डीपेक्षा स्वस्त होऊन बसलं. त्या करारावर मी तावातावानं भाषण ठोकलं. बाईंनी ते ऐकता ऐकता माझ्यासाठी भजी तळली. पाकिटातल्या तेलात!

"बाई, हे काय?"

"तळायला कर्डी परवडती का, पाव्हणं? तुमी भाषण करा. भजे गार व्हायलेत."

मी एवढी भजी खाल्ली, की मलेशियातली झाडं हलली असतील.

तेवढ्यात त्यांचे धाकटे भाऊ दत्तराव वालूरहून जीप घेऊन आले. त्यांच्या मुलीच्या सोयरिकीला पाहुणे येणार होते आणि स्वयंपाकाला बहीण हवी होती. मीही जीपमध्ये घुसलो. शांताबाईंनी घाण्याच्या तेलाचा शेवटचा कॅन उचलला.

"अक्का, राहू दे ते. खोकं आणलंय की मी तेलाचं."

"तुझं खोकं तुझ्यापाशी," अक्का म्हणाल्या आणि कॅन माझ्या मांडीवर आदळला. पहिल्याच खड्ड्यात झाकण उडालं. वालूरला उतरलो तेव्हा माझ्या सदऱ्यामागं गावातली निम्मी कुत्री अदबीनं चालत होती.

पंगत बसली. इकडची रीत अशी: भाकरीवरच्या ठेच्यात आळं करायचं, यजमानानं त्यात कच्च्या तेलाची धार धरायची आणि पाहुण्यानं "बास" म्हटल्याशिवाय हात आवरायचा नाही. दत्तरावांनी सवयीनं धार धरली, ती पाकिटातल्या तेलाची. मुलाच्या वडिलांनी घास घेतला. तो खाली उतरेपर्यंत पूर्णा जंक्शनवरून दोन गाड्या सुटल्या असतील.

"दत्तराव, पोरगी द्यायलेत का जिभेला वंगण लावायलेत?"

दत्तरावांचं तोंड एवढंसं झालं. सोयरीक त्या आळ्यातच बुडणार, तोच शांताबाई कॅन घेऊन पुढं आल्या. नवा ठेचा, नवी धार. पाहुणे "बास" म्हणायचंच विसरले. तेल ताटाच्या काठाला लागलं तेव्हा कुठं हात वर झाला.

"बास, अक्का! कोणत्या घाण्याचं म्हणायचं हे?"

"उद्या भंगारात जायलाय, त्या."

"मग लग्नात आमी काय वंगण खावं? वाढायचं तेल ह्याच घाण्याचं पाहिजे. न्हाई तर बोलणी बंद."

दत्तराव घाईनं म्हणाले, "अक्का, भंगारवाल्याला सांग, लग्न होईस्तोवर येऊ नको."

"अन् पुऱ्या?" अक्कांनी विचारलं.

"पुऱ्या पाकिटातल्याच तेलात," दोन्ही बाप एका सुरात बोलले. सोयरीक जमली ती त्या क्षणी, असं माझं ठाम मत आहे.

लग्नानंतर घाण्याचं काय, हे कुणीच बोललं नाही. शांताबाईंनी उरलंसुरलं तेल बाटलीत भरून माझ्या हाती दिलं.

घरी येऊन मी ठेच्यात आळं केलं आणि ती धार धरली. करार फाडून टाका, असं मी म्हणणार नाही. पुऱ्या मलाही आवडतात. पण ओतणाऱ्याचा हात थांबवायचा मान ताटावर बसलेल्याचा असतो. त्या कराराच्या पंगतीत शांताबाईंना कुणी पाटच मांडला नव्हता. मग "बास" म्हणणार कोण?