नुकसानीचे फटके

आमच्या डोणगावकडच्या शिवारात जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं, तर भरपाई क्वचितच कोणी मागतं. शेतमालक अंगणात येऊन उभा राहतो आणि ते जनावर ज्या पोराच्या राखणीत असेल त्याला बाप मालकासमोर झोडपतो. पुरेसं झालं की मालकच म्हणतो, राहू द्या. मग चहा होतो, भांडण मिटतं. मी असाच मार खाऊन मोठा झालो. जबाबदारी त्यातूनच शिकलो, असं मी सगळ्यांना सांगत असे.

मुलगी पाचवीत गेली तेव्हा मी तिच्या हातात बकरीचा दोर दिला.

"आजपासून हे तुही. चारा, पाणी, राखण, सारं तुह्याकडं."

"मंग दूध बी माहंच?"

"हाव. अन् लेंड्या बी तुह्याच."

ती हसली. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी गोठ्यात जायची. बाभळीचा पाला काढताना हातात काटे मोडायचे, तर ते बकरीला दाखवायची.

हरभरा घाट्यावर आला असताना बकरीने खुंटी उपटली आणि शेजाऱ्याच्या वावरात शिरली. शेजारी अंगणात येऊन उभा राहिला. मी बैलाचा कासरा काढला.

पहिले फटके रीतीप्रमाणे पायांवर होते. शेजारी वेळेवर म्हणाला, "झालं भाऊ, राहू द्या." मी थांबलो नाही. मुलगी रडत नव्हती. रडली असती तर थांबलो असतो, असं मी पुढे स्वतःला समजावत राहिलो. खरं एवढंच की तिचं गप्प राहणं मला परक्या माणसापुढे अपमानासारखं लागलं. मी पाठीवर मारलं. तिने डोकं झाकलं, तर त्या हातांवर मारलं. शेवटी शेजाऱ्याने माझं मनगट पिरगाळून कासरा हिसकावला. "मारून टाकतं का बे लेकरू?" म्हणाला आणि चहा न घेता गेला.

तिच्या करंगळीचं हाड मोडलं होतं. मेहकरच्या दवाखान्यात मी सांगितलं की बकरीने दोराला हिसका दिला. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

पट्टी निघाल्यावर तिने पुन्हा बकरी सांभाळायला घेतली. मला वाटलं, शिकली.

मग एका संध्याकाळी मी घरी येत असताना शेजारी धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर भेटला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुही बकरी आज पुन्हा शिरली होती. तू घरी नव्हता. पोरीनंच माह्यासमोर तिले झोडपलं. मी राहू दे म्हनलं, तरी थांबे ना. तुह्यावरच गेली."

गोठ्यात जेमतेम दिसत होतं. मी बटणाकडे हात नेला, तशी मुलीने दोन्ही हात डोक्यावर घेतले. दिवा लागला. बकरी आडवी पडली होती. तोंडाला रक्त, कासेवर काळेनिळे वळ, मागचा एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. मुलगी तिच्याजवळ पाला घेऊन बसली होती. कासरा नीट गुंडाळून जागेवर टांगलेला होता.

"तू मारलं?"

"नुकसान झालं होतं ना, बाबा."

आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. शाळेत उत्तर द्यावं तसं तिने सांगितलं.

आम्ही बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. मी धरलं, तिने चिंध्या गुंडाळल्या. बकरी ओरडत होती, तडफडत होती, मला चावली. बांधून झाल्यावर तिने मान लांबवून मुलीच्या हातातला पाला ओढला.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाबा, इतकं मारलं, तरी हे मले भेत काऊन नाही?"

मी खोटं बोलू शकलो असतो.

"भेते," मी म्हणालो. "पण चारा तुह्याच हातानं भेटते तिले. जाईल कुठं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाला बकरीच्या तोंडाजवळ जमिनीवर ठेवला आणि उठून लांब भिंतीला टेकून बसली. माझ्यापासूनही लांब.