उजव्या वहाणेची करकर

आधीच सांगून टाकतो – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. सांगलीत तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. भूत पाहिलं म्हणून सांगत येणाऱ्या पोराला माझा पहिला प्रश्न असायचा, "रात्री काय जेवलास?" या सदरातले अनुभव वाचून मी बायकोपाशी भरपूर हसलेलो आहे. आता माझाच लिहितोय, तेव्हा तुम्हीही हसून घ्या. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात माझी एक चूक आहे आणि एका माणसाखेरीज ती आजवर मी कुणालाच सांगितलेली नाही.

महायुद्ध संपून वर्ष होत आलं होतं. आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडे. माझा थोरला भाऊ सर्जेराव पलटणीत होता, ब्रह्मदेशात. तिथून दीड वर्षापूर्वी कागद आला होता – बेपत्ता. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. लढाई संपली, आजूबाजूच्या गावांतली पोरं परत आली, काही लंगडत आली, दादा आला नाही.

घरात तेव्हापासून दोन तट. आबांचं, म्हणजे वडिलांचं, म्हणणं – "पोरगं गेलंय. दिवस घातलं न्हाईत, म्हून त्यो तिकडं भटकत आसंल. मी बाप हाय, मला झोप लागत न्हाई." आणि वहिनीचं म्हणणं, तेही तोंडानं नाही, तर रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावून सांगितलेलं – माणूस जिता असला आणि मी हे पुसलं, तर मीच त्याला मारलं. खरं सांगू, मला दोघांचंही पटायचं. आणि म्हणूनच सुट्टीत घरी जायचा कंटाळा यायचा.

त्या चैत्रात कॅम्पातल्या सैनिकांच्या कचेरीतून बोलावणं आलं. साताऱ्याला या, बाईंना आणा, नवरा मयत झाल्याचं मान्य आहे अशा कागदावर अंगठा द्या. इंग्रजी कागद वाचायला घरात मीच एकटा. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीत माझा कॉलेजचा पेपर! आबांना म्हणालो, दुपारपर्यंत आटपा, संध्याकाळची गाडी मला गाठायचीच आहे.  वहिनी अंगठा देणार की नाही, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

कचेरीत गेलो तर साहेब फिरतीवर, तीन वाजता येणार. वाजले होते साडेदहा. ऊन मी म्हणत होतं. समोरच इंग्रजांचं जुनं चर्च, भोवती मोठी झाडं, म्हणून सावलीला गेलो. तिथं शांतवन नावाचे एक गृहस्थ भेटले. चर्चची झाडलोट, देखरेख त्यांच्याकडे. साठीचे, पांढरा कोट, हातात वेताची छडी. गोऱ्या साहेबांच्या मडमांना चर्च दाखवून दाखवून त्यांची सगळी माहिती पाठ झालेली. आता साहेब लोक कमी झाले होते आणि त्यांचं पाठांतर वाया चाललं होतं. आम्हाला पाहून त्यांना उमाळाच आला.

"या, या. काही नाही द्यावं लागत. आत गार आहे."

दारात आबांनी वहाणा काढल्या. शांतवन म्हणाले, "अहो, इथे पायात असलं तरी चालतं."

"देव कुनाचा का आसंना, पायतान भाईर," आबा म्हणाले आणि त्यांच्या बुटांकडे बघत राहिले. शेवटी बिचाऱ्या शांतवनांनीही बूट काढले. आम्ही चौघं, चौघंही अनवाणी. हे नीट लक्षात ठेवा.

आत खरंच गार होतं. दगडी फरशी, रंगीत काचा, भिंतीवर संगमरवरी पाट्या. पितळेचा एक मोठा गरुड होता, त्याच्या पसरलेल्या पंखांवर त्यांचा ग्रंथ ठेवलेला. आबांनी गरुड पाहिला आणि थेट हात जोडले. शांतवन म्हणाले, "हा वाचनासाठी आहे." आबा म्हणाले, "आसंना. वाहन तर आपल्याच द्येवाचं हाय." मी हसू दाबत बाकावर बसलो. शांतवन छडीनं एकेक पाटी दाखवत होते. हा साहेब तापानं गेला, ही बाई बाळंतपणात गेली, आणि हा बावीस वर्षांचा... "हा कुठे पडला ते सापडलंच नाही. आईनं विलायतेहून पैसे पाठवून हा दगड बसवला."

वहिनी त्या पाटीपाशी थांबली. परक्या पुरुषाशी बोलायची तिला सवय नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "भावजी, त्येच्या बायकूनं काय केलं, इचारा की."

मी विचारलं. शांतवन गडबडले. पाठांतरात हे नव्हतं. म्हणाले, "ते दगडावर लिहिलेलं नाही, बाई."

आणि तेव्हाच ते झालं.

त्याआधी एक सांगायला हवं. आमच्याकडे गड्यांना वाजत्या वहाणांची हौस. तळाच्या दोन चामड्यांमध्ये काहीतरी घालून कारागीर त्या मुद्दाम करकरत्या करतो. घरातल्या बायका त्या आवाजावरून माणूस ओळखतात आणि तो उंबऱ्यात यायच्या आत पदर सारखा करून बाजूला होतात. दादाची डावी वहाण पहिल्याच पावसाळ्यात मुकी झाली होती. वाजायची ती फक्त उजवी. कर्र... मग काही नाही... कर्र... सगळा गाव त्याला यावरून चिडवायचा, आणि तो मुद्दाम उजवा पाय जोरात टाकायचा. पलटणीत जाताना त्या वहाणा तो घरीच ठेवून गेला होता.

चर्चच्या दारातून तो आवाज आत आला.

कर्र... मग काही नाही... कर्र... दोन बाकांच्या ओळींमधून, आमच्याकडे येत. चार-पाच पावलं असतील. मला स्पष्ट ऐकू आला. शांतवन पुढच्या पाटीचं बोलतच होते, आबा गरुडापाशी उभे. दोघांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. वहिनीनं मात्र पदर कपाळापर्यंत ओढला आणि ती भिंतीला लागून उभी राहिली, मधली वाट मोकळी करून. घरी करायची, अगदी तस्सं. आवाज तिच्याजवळून गेला आणि थांबला. वाटेत कुणीही नव्हतं.

 वहिनी हळूच म्हणाली, "भावजी... ऐकलंत?"

आता माझं काय चाललं होतं ते खरं खरं लिहितो. मला गाडी दिसत होती. पेपर दिसत होता. मी हो म्हणालो तर ही बाई काही तीन वाजता अंगठा देणार नाही, पुन्हा सगळं पहिल्यापासून... मी म्हणालो, "काय ते? बाकं वाजत्यात, वैनी. जुनं लाकूड हाय."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पदर सारखा करून ती दाराकडे निघाली.

बाहेर आल्यावर शांतवन म्हणाले, मी गावातच राहतो, जेवायला निघालोय, चला, राजवाडा दाखवतो, जुन्या पेठा दाखवतो, परत तीनपर्यंत सहज याल. मला तिथून निघायचंच होतं. चालत निघालो. हा माणूस वाटेतल्या प्रत्येक दगडाची गोष्ट सांगत होता आणि माझ्या कानात एकही शिरत नव्हती. मागं वळून बघावंसं वाटत होतं, आणि वळायची हिंमत होत नव्हती. बाजारात तर निम्म्या माणसांच्या पायांत वाजत्या वहाणा! प्रत्येक आवाजाला मी दचकत होतो.

राजवाडा पाहून झाला. "आता उजवीकडे," शांतवन छडी दाखवत म्हणाले. वहिनी डावीकडे वळली.

"अहो बाई, तिकडे बघण्यासारखं काही नाही!"

ती थांबली नाही. साताऱ्यात ती जन्मात पहिल्यांदा आली होती. पण मंगळवार तळ्याच्या मागच्या बोळांतून ती अशी चालत होती, की वाट दाखवणारे शांतवन तिच्या मागे धापा टाकत होते. या बोळातून त्या बोळात, एका गोठ्याच्या कडेनं. आबा ओरडले, "आगं पोरी, कुटं निगालीस?" तिनं मागं पाहिलं नाही. एका घरासमोर थांबली. साधं कौलारू घर. दार उघडं होतं. ती दाराच्या बाजूला, पदर घेऊन उभी राहिली.

आत खाटेवर एक माणूस बसला होता. तिशीचा. एक पाय गुडघ्यापासून नव्हता. त्यानं आधी वहिनीकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुमी... सर्जेरावाचं वडील न्हवं? नाक त्येच हाय."

आमच्यापैकी कुणी नाव सांगितलं नव्हतं. वहिनी तर नवऱ्याचं नाव घेणारच नाही.

त्याचं नाव महादू. दादाच्याच पलटणीतला. कित्येक महिने इस्पितळात होता, आता बहिणीकडे येऊन राहिला होता. आबांनी त्याच्या खाटेशेजारी बसकण मारली. तो म्हणाला, "आबा, तीनदा कागद घिऊन बसलो. काय लिवू? म्हनलं, दुसरं कुनीतरी कळवलं आसंल." मग हुंदके देत सांगत गेला. नदीच्या काठी मागं हटत होते, दादाला ताप, औषध नाही. "माज्या मांडीवर ग्येला. पानी म्या पाजलं."

"आग दिली का रं?" आबांनी विचारलं.

"लाकडं वल्ली व्हती, आबा. मातीच दिली."

आबांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर घेतला. वहिनीनं दाराबाहेरून एकच विचारलं, "कवा?"

"पेरनीच्या वक्ताला. दोन वर्सं होतील आता."

परतताना वहिनी तळ्याच्या पायऱ्या उतरली. आम्ही तिघं पुरुष पाठ करून उभे राहिलो. ती वर आली तेव्हा कपाळ ओलं आणि मोकळं होतं. मी ढसाढसा रडलो, दादासाठी की तिच्यासाठी, ठाऊक नाही. तीन वाजता तिनं अंगठा दिला. ठसा फरपटला. कारकून म्हणाला, "परत द्या, बाई." तिनं परत दिला.

मी गाडी गाठली. पेपर दिला. पासही झालो.

आता तुम्ही म्हणाल, घरी जाऊन पाहिलं तर दादाच्या वहाणांना ओली माती लागलेली असेल. तसलं काही नव्हतं हो. त्या माळ्यावर होत्या तशाच होत्या, उंदरांनी एकीचा अंगठा कुरतडलेला. शांतवनांना मी विचारलं होतं – महादूला ते ओळखत नव्हते. वहिनीला कुणी त्याच्याबद्दल आधी सांगितलं असेल का, याचाही मी पुष्कळ शोध घेतला. हाती काही लागलं नाही.

वाट कशी सापडली म्हणून आबांनी विचारलं, तेव्हा वहिनीनं त्या आवाजाचं सांगून टाकलं, आणि गावात निराळंच सुरू झालं. ख्रिस्तावाच्या देवळात हिला कुणीतरी धरलं, त्यानंच हिला ओढत नेलं. आबांनी पाच अमावास्या तिला देवर्षीकडे नेलं. धुरी, लिंबाचे फटके. तो विचारायचा, "कोन हाईस? आनकी कुनी ऐकलं?" ती म्हणायची, "कुनी न्हाई." पुढे मला मुलगी झाली. आमच्या आईनं ते बाळ कधी वहिनीच्या मांडीवर दिलं नाही. वहिनी लांबूनच तिच्याकडे बघून हसायची. मी एक वाक्य बोललो असतो, की मलाही ऐकू आलं होतं, तर हे सगळं थांबलं असतं. मी शिकलेला, माझं घरात ऐकायचे. पण आज बोलू, उद्या बोलू... लाज वाटायची. आधी खोटं बोललो हे कबूल करायची लाज, आणि ऐकलं हे कबूल करायची त्याहून जास्त.

खूप वर्षांनी, आबा-आई गेल्यावर, वहिनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला माझ्याकडे राहिली होती. डोळ्यांवर पट्टी. तिला माझं तोंड दिसत नाही, या धीरावर मी एका दुपारी बोललो. "वहिनी, त्या दिवशी चर्चमध्ये... मलाही ऐकू आलं होतं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"कसं काय?"

"तुमी बाकावरनं उठून हुबं ऱ्हायला व्हता की. थोरला भाऊ घरात आला की उठायचा, तसं. हात बी जोडलं व्हतं."

 मी विचारलं, "मग त्या देवर्षीपुढं माझं नाव का नाही घेतलंत?"

"एकीला धरलं व्हतं तेवढं बास झालं, भावजी. तुमाला बी बसवलं आसतं त्येनं धुरीत. तुमी शिकत व्हता."

मी उठल्याचं मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. मला बाकावर बसल्याचंच आठवतं, शेवटपर्यंत. वहिनी आता नाही. तो आवाज कसला होता आणि ती त्या दारापर्यंत कशी गेली, याचं कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणी शास्त्रातलं सांगितलं तर मी ऐकून घेईन. मी गप्प का बसलो, याचं कारण मात्र मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.